गौरा हत्तिणीची बेडी आणि जंगलचा महालोहार

बाळांनो, बसा. मांडी घालून बसा. त्या कोपऱ्यातल्या बाळाने मोबाईल उलटा ठेवावा. हो, तूच. तुला मिशा आल्या म्हणून काय झालं? गोष्टीपुढे सगळी बाळंच.

तर एका जंगलात, आणि कुठल्या ते मी मुळीच सांगणार नाही, कारण पत्ता कळला की तुम्ही शनिवार-रविवार गाठून तिथे वेफर्सची पाकिटं टाकून येता, गौरा नावाची एक हत्तीण राहायला आली.

गौरा आधी माणसांत होती. लग्नाच्या वरातीत नवरदेव पाठीवर घेऊन चालायचं, हे तिचं काम. एका वरातीत बँडवाल्यांनी तिच्या कानाशी तेच गाणं पुन्हा लावलं आणि तिचा संयम संपला. तिने नवरदेवाला सोंडेने उचलून अलगद सासऱ्यांच्या शेजारी ठेवला आणि जंगलाची वाट धरली. साखळी वाटेत कुठेतरी तुटून पडली. पण मागच्या पायातलं लोखंडी कडं काही निघालं नाही. जंगलात सगळे त्याला बेडी म्हणायचे.

जंगलात खायला रग्गड. गौरा अंगाने भरली. पायही भरला. बेडी मात्र होती तेवढीच राहिली. मग ती मांसात रुतायला लागली. पाय सुजला, गौरा लंगडायला लागली.

जंगलात बगळा वैद्यकी करायचा. त्याने एका पायावर उभं राहून गौराच्या पायाचा बराच वेळ विचार केला.

"ही बेडी लवकर कापून घे," तो म्हणाला, "नाहीतर पाय जाईल."

गौरा घाबरली. हत्तीण घाबरली की लपायलाही जागा मिळत नाही बिचारीला. ती तशीच लंगडत तानूबाईकडे गेली.

तानूबाई म्हणजे अस्वलीण. जंगलात लोहारकाम करणारी तेवढी एकच. स्वभाव म्हणाल तर अस्वलाचाच. सकाळी कुणी नमस्कार केला तर ती "कशाला?" म्हणून विचारायची. मागे एकदा पर्यटकांची जीप दरीत कोसळली होती. पर्यटक वर चढून गेले, जीप खालीच राहिली. त्या जीपच्या चाकावरच्या कमानपाट्याचं पोलाद तानूबाई जपून जपून वापरायची.

तिने बेडीवर नखाने टकटक केलं. कान लावला.

"छिन्नी करावी लागेल," ती म्हणाली. "नीट पाणी दिलेली. फार कडक झाली तर टवका उडेल. मऊ राहिली तर धार मुडपेल. उद्या सकाळी भट्टी पेटवते, संध्याकाळी पाय मोकळा."

"दुखेल का हो, बाई?"

"लोखंडाला दुखेल. तू गुमान उभी राहा."

बाळांनो, खरं तर इथे गोष्ट संपायची. तुम्ही घरी गेला असता, मी चहा घेतला असता. पण शेजारच्या करवंदीच्या जाळीमागे चंपतराव कोल्हा बसला होता.

चंपतराव कार्यक्रम करायचा. म्हणजे स्वतः काही करायचा नाही, इतरांना करायला लावायचा आणि बाकीच्यांना ते बघायला बसवायचा. मागच्या वर्षी त्याने गाण्याची स्पर्धा घेतली. त्यात कोकिळा पहिल्याच फेरीत बाद झाली. तिचं बालपण कावळ्याच्या घरात गेलं होतं आणि ते तिने वेळेवर सांगितलं नाही. जिंकला बेडूक. त्याच्या वडिलांना सापाने खाल्लं होतं आणि हे तो प्रत्येक कडव्याआधी सांगायचा.

चंपतराव थेट सिंहाकडे गेला. महाराज झोपले होते.

"महाराज, एका अबलेच्या पायात बेडी आहे आणि ती अशी गुपचूप, कुणाला न विचारता, एका संध्याकाळी कापून टाकणार आहेत. प्रजेला काही कळायला नको? स्पर्धा घेऊ. 'जंगलचा महालोहार.' जो जिंकेल त्याने अंतिम फेरीत सगळ्यांसमक्ष बेडी कापायची. परीक्षकाच्या खुर्चीवर आपण."

खुर्ची म्हटल्यावर महाराज जागे झाले.

त्याच दिवशी महाराजांच्या हुकमाने तानूबाईची भट्टी, भाता, ऐरण, सगळं उचलून वडाखालच्या रंगमंचावर नेलं. आता ते कार्यक्रमाच्या मालकीचं. स्पर्धेत उतरल्याशिवाय भात्याला हात लावायचा नाही. तानूबाईने पुष्कळ शिव्या दिल्या. त्या मी तुम्हाला सांगत नाही, मागे तुमच्या आया बसल्यात. पण शेवटी ती उतरली. दुसरं करते काय?

गौराने चंपतरावाला विचारलं, "मग माझी बेडी कधी निघणार?"

"अंतिम फेरीत."

"अंतिम फेरी कधी?"

"ते प्रेक्षक ठरवतील," चंपतराव म्हणाला आणि त्याने तिच्या बेडीला झेंडूची माळ घातली.

स्पर्धेत तानूबाईसमोर दोघे होते. एक बजाबा माकड. त्याने आदल्या दिवसापर्यंत हातोडा पाहिला नव्हता, पण कुणी काही केलं की त्याला तसंच करून बघायची फार हौस. दुसरा मदनराव मोर. तो हातोडा उचलायचाच नाही. हातोड्याशेजारी उभा राहायचा.

आणि प्रेक्षक म्हणजे सगळं जंगल.

प्रेक्षकांच्या मतांसाठी चंपतरावाने तळ्याकाठच्या जांभळीवर पोपट बसवले. भाग संपला की जायचं आणि आपलं मत पोपटाला सांगायचं. पोपट ते पाठ करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पाण्यावर जमले की पोपट सगळ्यांची मतं मोठ्याने म्हणून दाखवायचे. ज्याला स्वतःचं मत नसेल तो तिथून एखादं घेऊन जायचा.

पहिल्या भागात विळा करायचा होता. जंगलात विळ्याचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

मदनरावाने भट्टीपुढे पिसारा फुलवला. पिसाऱ्याची टोकं करपली. प्रेक्षक हळहळले. बजाबाने तापलेला विळा शेपटीने उचलला आणि किंचाळत वडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. प्रेक्षक लोळून लोळून हसले.

तानूबाईने विळा ठोकला. लालभडक तापवून पाण्यात बुडवला. मग पुन्हा जरासा निखाऱ्यावर धरला आणि त्याच्याकडे बघत बसली. याला लोहार पाणी देणं म्हणतात. निखाऱ्यावर लोखंडाला रंग चढत जातात. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा. हवा तो रंग आला की तत्क्षणी पुन्हा पाण्यात घालायचं. डोळ्याचं पातं लवलं की काम बिघडलं. म्हणून तानूबाई बघत होती आणि बोलत नव्हती.

प्रेक्षकही बघत होते. त्यांना काही दिसेना. सशाने जांभई दिली. सशाची जांभई हरणाला लागली, हरणाची रानडुकराला, आणि होता होता ती महाराजांपर्यंत पोचली. महाराजांनी जांभई दिली तेव्हा पुढची रांग उठून पळाली.

दुसऱ्या दिवशी पोपटांनी मतं म्हटली.

ससा म्हणाला होता, "आवाज फार होतो. न ठोकता लोहारकाम करता येत नाही का?"

कासव म्हणालं होतं, "सगळं फार घाईत उरकतात."

रानम्हैस म्हणाली होती, "मी लोखंड आजवर पाहिलेलं नाही. पण हे काही खरं लोखंड नव्हे."

रानडुक्कर म्हणालं होतं, "मी हा कार्यक्रम बघत नाही. कालच्या भागात तर अस्वलिणीने विळा दोनदा पाण्यात घातला, तेही मी बघितलं नाही."

नाना घुबड दिवसभर झोपायचे. एकही भाग त्यांनी पाहिला नव्हता. ते म्हणाले होते, "सगळं आधीच ठरलेलं असतं. मला आतून कळलंय."

आणि सखोबा गाढव म्हणाला होता, "पूर्वीचा लोहार बरा होता."

पूर्वी लोहार नव्हताच. पण ते ऐकून पुष्कळांना पूर्वीच्या लोहाराची आठवण झाली. एका म्हाताऱ्या सांबराच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

आणखी एक मत होतं. ते टिटवीचं होतं आणि पोपटांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते तीनतीनदा म्हटलं. "अस्वलीण कोरडी आहे."

संध्याकाळी चंपतराव तानूबाईकडे आला.

"बाई, तुम्ही लोखंडाकडे फार बघता."

"मग कुठे बघू? तुझ्या थोबाडाकडे?"

"प्रेक्षकांकडे बघा. चार शब्द बोला. घरचं काही सांगा. वडील होते ना तुम्हाला?"

"सगळ्यांनाच असतात."

"गेले ना ते?"

"गेले."

"कसे?"

"म्हातारे झाले होते. पोटभर मध खाल्ला, झोपले, ते उठलेच नाहीत."

चंपतराव हळहळला. "काय हे. चांगली संधी घालवली त्यांनी."

तानूबाईने त्याला हाकलून दिलं. आपल्याला कुणाच्या मताशी काही देणंघेणं नाही, असं ती भट्टीच्या रिकाम्या जागेला सांगत बसली. पण दुसऱ्या दिवशी ती पाण्यावर जरा लवकर गेली. तहान लागली होती म्हणे. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी लवकर गेली आणि जांभळीच्या अगदी खाली बसली. बाळांनो, हसू नका. तुमच्या चित्राला शाळेत बाईंनी काय शेरा दिला, ते तुम्हीही पान उलटून आधी बघता.

असे भाग होत राहिले. मदनराव एका भागात बाद झाला. प्रेक्षक इतके खवळले की त्याला वाइल्ड कार्डाने परत आणावं लागलं. जंगलात वाइल्ड नसलेलं कार्ड कसं असतं, हे मात्र कुणाला सांगता येईना. परत आल्यावर तो पुन्हा हातोड्याशेजारी उभा राहिला. बजाबा दर भागात काहीतरी भाजून घ्यायचा. तानूबाई विळे, आकडे, सुऱ्या करायची. सगळं पक्कं, धारदार. आणि दर दुपारी पोपट म्हणायचे, "अस्वलीण कोरडी आहे."

गौराला रोज रंगमंचावर आणून बसवायचे. बेडीवर रोज ताजी माळ. पाय आता माळेतून बाहेर फुगलेला दिसायचा. हळूहळू तिच्याबद्दलही मतं यायला लागली. हरणाला ती फार गोड वाटायची. रानम्हशीला संशय होता. "खरंच दुखत असतं तर ओरडली नसती का? मला काटा लागला तर मी तळं डोक्यावर घेते."

गौराने एकदा तानूबाईला हळूच विचारलं, "बाई, अजून किती?"

तानूबाई म्हणाली, "थोडंच राहिलं." पण ते म्हणताना ती जांभळीकडे बघत होती.

मग उपांत्य फेरी आली. स्पर्धकांनी छिन्नी करायची आणि चाचणी म्हणून बेडीवर एक घाव घालून दाखवायचा. मदनरावाने आपली पाळी बजाबाला दिली. बजाबाची छिन्नी ठोकता ठोकता तळ्यात जाऊन पडली. राहिली तानूबाई.

तिने त्या दिवशी केस विंचरले होते. अस्वलाने केस विंचरायचे म्हणजे सकाळ जाते.

छिन्नी तिने अप्रतिम घडवली. तापवली, पाण्यात बुडवली, निखाऱ्यावर धरली. पोलादाला पिवळसर रंग चढला. तांबूस चढला. जांभळी छटा येणार, एवढ्यात तानूबाई बोलली.

"माझे वडील," ती म्हणाली आणि थांबली.

सगळं जंगल पुढे सरकलं.

"माझे वडील याच भट्टीत गेले," तानूबाई म्हणाली. "वणवा लागला होता. ते म्हणाले, तानू, तू पळ. मी ऐरण सोडणार नाही."

हरणांनी हुंदका दिला. सशाने कान डोळ्यांवर ओढून घेतले. टिटवी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. तानूबाईने मान वर करून ते सगळं बघितलं. तिला फार बरं वाटलं. वडील मध खाऊन गेले होते हे क्षणभर तीसुद्धा विसरली आणि तिच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं.

मग तिने खाली बघितलं. जांभळा येऊन गेला होता. पोलाद राखी पडलं होतं.

तिला कळलं. आपली छिन्नी मऊ पडली, हे तिला त्याच क्षणी कळलं. पुन्हा तापवायला हवी होती. पण टाळ्या थांबत नव्हत्या. आणि टाळ्या चालू असताना "थांबा, माझं चुकलं" असं म्हणायला जी छाती लागते ती त्या दिवशी तिच्याकडे नव्हती.

"घाला घाव," चंपतराव म्हणाला.

तिने छिन्नी बेडीवर टेकवली आणि घाव घातला. धार मुडपली. छिन्नी सटकली आणि गौराच्या सुजलेल्या पायात घुसली.

गौरा ओरडली. पाखरं झाडांवरून उडाली. महाराज खुर्चीच्या मागे गेले.

इतका गाजलेला भाग जंगलाने कधी पाहिला नव्हता. पोपटांपुढे रांग लागली. "काय भाग होता, काय भाग होता." सशाने सांगितलं, "ओरडण्याचा आवाज फार झाला." रानम्हैस म्हणाली, "आता कशी ओरडली? मी म्हणत नव्हते?" टिटवी म्हणाली, "अस्वलीण आता खुलली आहे." हरणाचं म्हणणं होतं की ओरडताना हत्तिणीने तोंड प्रेक्षकांकडे करायला हवं होतं, मागे बसणाऱ्यांना काही दिसलं नाही. सगळ्यांचं एकमत होतं की कार्यक्रम इतक्यात संपू नये.

चंपतरावाने प्रेक्षकांच्या आग्रहास्तव अंतिम फेरी पुढे ढकलली.

दिवस मावळायच्या आत तानूबाई गौराकडे गेली. बगळा पाय धुऊन त्यावर पाला बांधत होता. तो तानूबाईकडे न बघता म्हणाला, "आणखी एक भाग थांबलात तर बेडी कापायची गरज उरणार नाही. पायच कापावा लागेल."

तानूबाई खाली बसली. तिला फार लाज वाटत होती.

"गौरा, मी वर बघितलं," ती म्हणाली. "रंग येत होता आणि मी वर बघितलं. माझे वडील भट्टीत गेले नाहीत. मध खाऊन गेले."

"मला काय करायचंय तुमच्या वडिलांचं, बाई?" गौरा म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, संध्याकाळी पाय मोकळा. मी त्यावर विसंबून राहिले. रोज तुमच्यासमोर बसले आणि तुम्ही त्या झाडाकडे बघत होतात. मला चालता यायला हवंय. एवढंच हवंय."

तानूबाई नखांनी माती उकरत बसली.

मग म्हणाली, "उद्या दुपारी माझ्या घरामागे ये. पोपट बोलायला लागले की सगळे तळ्यावर असतात. कुणी बघायला येणार नाही."

"भाता तर त्यांच्याकडे आहे."

"तुला सोंड आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं जंगल तळ्यावर आपापली मतं ऐकायला जमलं. इकडे तानूबाईच्या घरामागे खड्ड्यात कोळसा पेटला होता. गौरा सोंडेने फुंकत होती. पहिल्या फुंकरीला कोळसा उडून कुंपणाबाहेर गेला. तानूबाई म्हणाली, "हळू, बाई. वरात नाही ही." मग गौराला जमलं. कमानपाट्याचा शेवटचा तुकडा उरला होता, तो लाल झाला. तानूबाईने दगडावर ठेवून ठोकला. पाण्यात बुडवला. निखाऱ्यावर धरला.

तळ्याकडून पोपटांचा आवाज येत होता. तानूबाईचं नाव ऐकू आलं. तिचा कान हलला. पण मान हलली नाही.

पिवळसर. तांबूस. जांभळा.

छिन्नी पाण्यात गेली.

पहिल्या घावाला बेडीवर रेघ उमटली. दुसऱ्याला खाच पडली. मग तानूबाई ठोकत राहिली आणि बेडीचे दोन तुकडे होऊन खाली पडले. फार मोठा आवाजही झाला नाही. गौराने पाय उचलला, जरा तसाच धरला, आणि सावकाश खाली टेकवला. मग ती रडली. तोंड कुठे करायचं याचा तिने विचार केला नाही. तानूबाईही रडली आणि तिने केस विस्कटून टाकले.

संध्याकाळी प्रेक्षक रंगमंचापुढे जमले तर गौरा चारही पायांवर उभी. बेडी नाही.

बाळांनो, तुम्हाला वाटेल, टाळ्या वाजल्या. तुम्ही अजून लहान आहात.

"आम्हाला न दाखवता?" हरिण म्हणालं. "पहिल्या भागापासून आम्ही त्या पायाबरोबर होतो. आमच्या भावनांना काही किंमत आहे की नाही?"

"हे फार घाईत उरकलं," कासव म्हणालं.

"ती बेडी खरी नव्हतीच," रानम्हैस म्हणाली.

"अशीच निघणार होती. मला आतून कळलं होतं," नाना घुबड नुकतेच उठून म्हणाले.

सखोबा गाढवाने गौराच्या पायाकडे खालून वर बघितलं आणि मान हलवली. "पूर्वीचा पाय बरा होता," तो म्हणाला.

प्रकरण महाराजांपुढे गेलं. महाराजांनी प्रेक्षकांचं मत मागवलं. पोपटांनी ते म्हणून दाखवलं. बेडी पुन्हा घालावी आणि मग ती सगळ्यांसमोर, नीट, व्यवस्थित बसून काढावी.

गौराने ते ऐकलं. तिने तानूबाईच्या डोक्यावर सोंड ठेवली आणि तिथून निघाली. धावली नाही. चालत गेली. चालता येत होतं, तेवढंच तिला हवं होतं. टेकडीपलीकडे जाईपर्यंत ती एकदाही लंगडली नाही, पण ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. सगळे पोपटांकडे गेले होते.

चंपतरावावर मोठं संकट आलं. प्रेक्षक होते, पण पाय नव्हता.

पण तो चंपतराव होता. त्याने दवंडी पिटली. "जंगलचा महालोहार, पर्व दुसरे. या वेळी बेडी आपण स्वतः घडवणार. मान्यवर लोहार, बजाबा. पाय हवा आहे."

तुम्हाला वाटेल, सगळे पळाले. अहो, रांग लागली. गौराच्या बेडीला रोज माळ मिळायची, हे कुणीच विसरलं नव्हतं. ससा म्हणाला, माझा पाय बघा, किती लवचीक. हरिण म्हणालं, माझ्या पायावर बेडी उठून दिसेल. रानम्हशीने चारही पुढे केले. शेवटी प्रेक्षकांनी सखोबा गाढवाला निवडलं. त्याने निवडीआधी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं होतं. ते गाढव होते.

बजाबाने बेडी केली. बेडीला पाणी द्यावं लागत नाही, रंग बघावा लागत नाही. नुसती तापवून वळवायची. ती त्याला चांगली जमली. महाराजांनी त्याला महालोहार ही पदवी दिली. तानूबाईची भट्टी, भाता, ऐरण, सगळं त्यालाच मिळालं. तानूबाई घरामागच्या खड्ड्यात कोळसा पेटवते आणि फुंकणीने फुंकते.

कार्यक्रम जोरात चालू आहे. सखोबा चांगलं खातो, अंगाने भरलाय. बेडी जरा आवळ व्हायला लागली आहे.

परवाच दुपारी तो लंगडत तानूबाईच्या घरामागे आला. तिने त्याच्या पायाकडे बघितलं आणि गौराची छिन्नी बाहेर काढली. तिने ती जपून ठेवली होती.

"ठेव इथे पाय," ती म्हणाली. "चार घावांचं काम आहे."

सखोबा दचकून मागे सरला.

"छे छे, बाई, आत्ता नको. अंतिम फेरीत."

"अंतिम फेरी कधी?"

"ते प्रेक्षक ठरवतील," सखोबा म्हणाला. दुखत होतं, म्हणून त्याने पाय जरा वर उचलून धरला. मग इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "मला तळ्यापर्यंत चालवत नाही हल्ली. तुम्ही आज पाण्यावर गेला होतात ना? पोपट काय म्हणत होते माझ्याबद्दल?"

तात्पर्य: लोखंड तापलेलं असताना लोखंडाकडे बघत बसू नये, लोकांकडे बघावं. लोखंडाला मत नसतं. आणि कुणाच्या पायातली बेडी काढायचीच झाली, तर आधी पुरेशा खुर्च्या मांडून घ्याव्यात. खुर्च्या लवकर भरल्या, तर बेडी राहू द्यावी.